आळस म्हणण्याआधी रक्त तपासून घे

पत्रलेखिका 29 वर्षांची आहे, डिसेंबरात तिशी पूर्ण होईल. मूळ गाव सांगली जिल्ह्यात. आठ वर्षांपासून पुण्यात. वाकडला दोन मैत्रिणींबरोबर भाड्याने राहते, हिंजवडीत नोकरी करते. क्लायंट अमेरिकेतले, त्यामुळे आठवड्यातल्या चार रात्री साडेअकरा-बारापर्यंत कॉल चालतात. वर्षभरापासून ती सतत दमलेली असते. तीन मजले चढले की धाप लागते, केस गळतात, वजन सहा किलोंनी वाढलं आहे. दिवसाला पाच कप चहा होतो. रविवारी संध्याकाळी कारण नसताना रडू येतं, मैत्रिणींना भेटायचा कंटाळा येतो. पाळी सात-आठ दिवस चालते, “पण ते काय, सगळ्यांनाच असतं.” वाचून-ऐकून तिने केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या सुरू केल्या, सोळा तासांचा उपास धरला, जिमचे वर्षाचे पैसे भरले, पहाटे पाचचा गजर लावला. यातलं काहीही तीन आठवड्यांपलीकडे टिकलं नाही. वडिलांना मधुमेह आहे, घराच्या कर्जाचा हप्ता तिच्या पगारातून जातो. आईचा रोज फोन येतो आणि त्यात स्थळांचा विषय असतोच, म्हणून तब्येतीचं तिने घरी काही सांगितलेलं नाही. ती विचारते, “ताई, मी इतकी आळशी कधी झाले? तिशीच्या आत मला स्वतःला नीट करायचंय. सुरुवात कुठून करू?”

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना एका वाक्यापाशी थांबले. केसांबद्दल तू सहा ओळी लिहिल्यास, वजनाबद्दल चार, आणि पाळीबद्दल एकच ओळ, तीही जाता जाता. “ते काय, सगळ्यांनाच असतं.” आधी त्याबद्दलच बोलू.

सगळ्यांना नसतं गं. पाळी सातापेक्षा जास्त दिवस चालत असेल, दर एक-दोन तासांनी पॅड बदलावं लागत असेल, रात्री उठून बदलावं लागत असेल, रुपयाच्या नाण्याएवढ्या किंवा मोठ्या गाठी जात असतील, तर ते डॉक्टरांना दाखवण्यासारखं आहे. माझी धाकटी मावशी चाळिशीत ओट्याशी उभी असताना चक्कर येऊन पडली. हिमोग्लोबिन साडेसहा निघालं. गर्भाशयात गाठी होत्या, कॅन्सरच्या नव्हेत, साध्या फायब्रॉइडच्या. कधीपासून एवढं जातंय, असं डॉक्टरांनी विचारल्यावर ती म्हणाली, “बारा-तेरा वर्षं झाली असतील. मला वाटलं बायकांचं असंच असतं.” त्या बारा-तेरा वर्षांत घरातले सगळे तिला ‘हळूबाई’ म्हणत होतो, मीसुद्धा. ते आठवलं की अजून वाईट वाटतं. तुझ्या पत्रातला ‘आळशी’ हा शब्द म्हणूनच मला इतका टोचला.

दर महिन्याला जास्त रक्त जात राहिलं की शरीरातला लोहाचा साठा हळूहळू आटतो. लोह कमी म्हणजे हिमोग्लोबिन कमी, आणि हिमोग्लोबिन कमी म्हणजे स्नायूंपर्यंत प्राणवायू कमी पोचतो. मग तीन मजल्यांना धाप लागते, छाती धडधडते, केस गळतात, कशात लक्ष लागत नाही, जीव नकोसा होतो. तू लिहिलेल्या तक्रारींपैकी निम्म्या एवढ्या एका कारणाने असू शकतात. असतीलच असं मी म्हणत नाही, मी डॉक्टर नाही. पण 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात आपल्या महाराष्ट्रात 15 ते 49 वयाच्या 54 टक्के बायकांना रक्तक्षय आढळला होता. निम्म्याहून जास्त. इतक्या जणींना असतो म्हणूनच तो कुणाला आजार वाटत नाही.

आता आळसाबद्दल. आळशी मुलगी पाच वाजताचा गजर लावत नाही. महिन्याच्या महिन्याला घराचा हप्ता भरत नाही, रात्री बारापर्यंत कॉल करून सकाळी पुन्हा कंपनीची बस पकडत नाही. तू वर्षभर रिकाम्या टाकीवर गाडी ढकलते आहेस आणि गाडी पळत नाही म्हणून स्वतःलाच बोल लावते आहेस. आपल्याकडे लहानपणापासून मुलींना दिवसा आडवं होऊ देत नाहीत. “भरल्या घरात लोळायचं नाही”, “दिवेलागणीला झोपायचं नाही”, हे तूही ऐकलं असशील. त्यामुळे अंगातली ताकद गेली तरी आपल्याला आधी लाज वाटते, काळजी नंतर. तुझी ही जिम, उपास आणि गजराची योजना मला आरोग्याची वाटलीच नाही. ती शिक्षेसारखी वाटली. दमलेल्या शरीराला तू सकाळचं खाणं बंद केलंस, झोप दोन तासांनी कमी केलीस आणि वर पळायला लावलंस. तीन आठवडे टिकलीस हेच खूप.

म्हणून पहिला आठवडा फक्त तपासायचा. काही सुरू करायचं नाही, काही सोडायचं नाही. अजून चालू असतील तर सोडायच्या फक्त बायोटिनच्या गोळ्या. बायोटिन रक्तात असेल तर थायरॉइडच्या काही चाचण्यांचे आकडे चुकीचे येऊ शकतात. थायरॉइड मंद असूनही रिपोर्टवर सगळं ठीक दिसू शकतं. रक्त देण्याच्या निदान दोन-तीन दिवस आधी गोळ्या थांबव आणि लॅबमध्येही तसं सांग.

फॅमिली डॉक्टर किंवा फिजिशियनकडे जा आणि या तपासण्यांबद्दल विचार: सीबीसी (रक्तपेशी आणि हिमोग्लोबिनची), फेरिटिन, टीएसएच (थायरॉइडची), बी-12, ड जीवनसत्त्व आणि उपाशीपोटी साखर. फेरिटिनचा आग्रह धर. सीबीसीत हिमोग्लोबिन 12 च्या वर दिसलं की बरेचदा “रक्त ठीक आहे” म्हणून परत पाठवतात. पण लोहाचा साठा त्याच्या आधीच संपलेला असू शकतो, आणि तो फेरिटिनमध्ये कळतो. वडिलांना मधुमेह आहे म्हणून तुझी एचबीए1सी ही तीन महिन्यांच्या साखरेची तपासणीही सांगतील. अंगात लोह कमी असेल तर तिचा आकडा असल्यापेक्षा जास्त दिसू शकतो. म्हणून तो एकटा पाहून घाबरू नकोस, डॉक्टरांना सगळे रिपोर्ट एकत्र पाहू दे.

नंतर स्त्रीरोगतज्ज्ञ. इथे तू अडशील असं मला वाटतं, कारण लग्न न झालेल्या खूप मुली इथेच अडतात. बाहेर बाकावर पोटुशा बायका बसलेल्या, आत गेल्यावर पहिला प्रश्न “मिस की मिसेस?” आणि मनात भीती की आतून तपासतील. अशा वेळी सोनोग्राफी पोटावरूनही करता येते, भरपूर पाणी पिऊन लघवी तुंबवून ठेवायची एवढंच. काय तपासणार आहात हे आधी विचारायचा आणि नाही म्हणायचा हक्क तुला आहे. शरीरसंबंध आले असतील किंवा नसतील, ते मात्र खरं सांग. उपचार त्यावर ठरतात. आले असतील तर गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची तपासणी कधीपासून करायची तेही विचार. ती साधारण तिशीपासूनच सुरू करतात. रूममेटला बरोबर ने. आणि मोबाइलमध्ये मागच्या तीन पाळ्यांच्या तारखा, किती दिवस, दिवसाला किती पॅड एवढं लिहून ने. “जास्त जातं” यापेक्षा “दुसऱ्या दिवशी आठ पॅड लागले” हे डॉक्टरांना लगेच कळतं.

समजा लोह कमीच निघालं. मग गोळ्या किंवा इंजेक्शन ते डॉक्टर ठरवतील, आणि आकडा सुधारला तरी साठा भरेपर्यंत काही महिने गोळ्या चालू ठेवायला सांगतील. बहुतेक जणी तिथेच सोडतात. शौचाला काळं होतं, पोट जड होतं. काळं होणं अपेक्षितच आहे, बद्धकोष्ठ झालं तर गोळी बदलून मिळते, बंद करायची नसते. जेवणाकडेही बघ. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या 2020 च्या शिफारशीत पुरुषाला दिवसाला 19 मिलिग्रॅम लोह सांगितलं आहे आणि बाईला 29. घराघरांत ताटं मात्र उलटी वाढली जातात. पोह्यांवर लिंबू पिळायची आपली पद्धत किती शहाणपणाची आहे बघ, धान्यातलं लोह लिंबाने अंगी लागतं. आणि त्याच पोह्यांबरोबर आपण चहा पितो, जो ते अंगी लागू देत नाही. चहा सोड असं मी म्हणणार नाही, मलाही तो लागतो. फक्त खाण्यापासून आणि लोहाच्या गोळीपासून तास-दीड तास लांब ठेव. पाचाचे तीन झाले तर झोपेलाही बरं. हळिवाचे लाडू, पालेभाज्या, मटकी-हुलग्याची उसळ, चालत असेल तर अंडी, मटण, मासे. सोळा तासांचा उपास सध्या बंद. अशक्त माणसाला उपास सांगत नाहीत, आपली देवधर्म मानणारी आजीसुद्धा सांगत नसे.

एवढं शरीराचं लिहिलं म्हणून मनाचं मला कमी वाटतं असं समजू नकोस. मुद्दाम आधी शरीराचं लिहिलं, कारण थायरॉइड, बी-12 आणि रक्त या तिन्हींच्या कमतरतेत मन उदास होतं. मूळ कारण शोधल्याशिवाय “पॉझिटिव्ह विचार कर” असं मी तुला सांगणार नाही.

रविवारच्या संध्याकाळी रडू येतं, असं लिहिलंस. त्या वेळेला आपल्या भाषेत नाव आहे, कातरवेळ. गावाकडे त्या वेळी दिवा लावायचा, शुभंकरोती म्हणायची, गाईगुरं परत यायची, कुणी ना कुणी ओट्यावर असायचंच. ती वेळ एकट्याने काढायची नाही, हे जुन्या माणसांना ठाऊक होतं. तू ती वेळ वाकडच्या सातव्या-आठव्या मजल्यावर मोबाइलमध्ये सोमवारच्या मीटिंगा बघत काढतेस. म्हणून रविवारी पाच ते आठ घरात बसायचं नाही, एवढं एकच ठरव. बाणेर-पाषाणच्या टेकडीवर जा, बाजारात भाजी घ्यायला जा, मैत्रिणीकडे जाऊन तिच्या मुलाशी खेळ. कंटाळा येतो म्हणून भेटत नाहीस असं लिहिलंस, मला वाटतं तुझ्या मैत्रिणींची लग्नं होत चालली आहेत आणि तिथे गेलं की “तुझं कधी?” हा प्रश्न येतो. तो जिथे येत नाही अशी दोन माणसं तरी असतीलच. सध्या त्या दोघांनाच भेट.

आणि नीट ऐक. उदासी दोन आठवडे रोज, दिवसाचा बराच वेळ राहिली, ज्यात जीव रमायचा त्यात काही वाटेनासं झालं, झोप किंवा भूक पार बिघडली, तर रिपोर्ट काहीही येवोत, मानसोपचारतज्ज्ञाला किंवा समुपदेशकाला भेटायचं. “आपण नसलो तरी चालेल” असा विचार एकदा जरी आला, तरी त्याच दिवशी कुणाला तरी सांगायचं. टेली मानस ही सरकारी सेवा 10 ऑक्टोबर 2022 पासून सुरू आहे. 14416 वर दिवसा-रात्री कधीही फोन लागतो, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं. तुझ्या कंपनीतही समुपदेशनाची सोय असण्याची शक्यता आहे. हिंजवडीतल्या बऱ्याच कंपन्यांत ती असते आणि कुणी वापरत नाही, कारण एचआरला कळेल अशी भीती. काय आणि कुणाला कळतं, हे त्यांच्याच पॉलिसीत वाचून घे, मग ठरव.

रात्रीच्या कॉलचं काय? नोकरी सोड असं मी म्हणणार नाही. हप्ता कुणाच्या पगारातून जातो ते तू लिहिलं आहेस. पण चारही रात्री तुझंच असणं खरंच गरजेचं आहे का, की तू कधी नाही म्हटलं नाहीस म्हणून ते तुझ्याकडे आलं? हे टीम लीडला विचारून बघ. “मला जमत नाही” असं म्हणू नकोस. “मंगळवार-गुरुवारचे कॉल आळीपाळीने घेऊ, वेळापत्रक मी करून आणते” असं म्हण. दोन रात्री जरी सुटल्या तरी मोठा फरक पडेल. ज्या रात्री कॉल असेल त्याच्या दुसऱ्या दिवशी पाचचा गजर नाही. सात तास झोप आधी, व्यायाम मागाहून.

आणि व्यायाम करायचाच आहे, फक्त आता नाही. धाप कशाने लागते ते कळल्यावर. जिमचे पैसे गेले याचं वाईट वाटून घेऊ नकोस, मेंबरशिप थांबवून ठेवता येते का विचार. ताकद परत यायला लागली की आठवड्यातले पाच दिवस अर्धा तास झपझप चालणं. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला निदान 150 मिनिटं सांगते, त्यात हे बसतं. शिवाय दोन दिवस वजनाचा व्यायाम. बायका हा टाळतात, “अंग मुलांसारखं होईल” म्हणून. तसं काही होत नाही. हाडांची घनता साधारण तिशीपर्यंत भरत जाते, पुढे ती सांभाळायची असते. आजीच्या मांडीचं हाड घसरून पडल्यावर मोडतं, त्याची तयारी आपल्या तिशी-चाळिशीत झालेली असते. त्या अर्थाने तिशीला महत्त्व आहे. पण डिसेंबरातल्या एका तारखेआधी सगळं नीट करायचं, ही मुदत कुणी घातली? मला शंका आहे की ती तुझ्या शरीराने नव्हे, बायोडाट्याने घातली आहे. स्थळं येताहेत, फोटो जाताहेत, वजन आणि केस दोन्ही फोटोत दिसतात. थकवा दिसत नाही. तुझ्या पत्रातल्या ओळींची संख्याही त्याच क्रमाने आहे.

(याच वयाच्या मुलग्यांची पत्रंही मला येतात. त्यांत रडू येतं असं नसतं, चिडचिड होते असं असतं. बायकोवर ओरडलो, गाडी चालवताना भांडलो, शुक्रवारी बसलो की चार पेगवर थांबत नाही. त्यांनाही माझं हेच सांगणं आहे: रक्तदाब, साखर आणि कोलेस्टेरॉल तपासा, कंबर मोजा, भारतीय पुरुषाची 90 सेंटिमीटरच्या वर असेल तर लक्ष द्या. आणि चिडचीड हेही पुष्कळदा उदासीचंच रूप असतं, तेव्हा तेही डॉक्टरांसमोर बोला.)

राहिली आई. तिला काळजी नको म्हणून तू सांगत नाहीस. पण फोनवर तुझा आवाज तिला रोज ऐकू येतो. काहीतरी बिनसलंय हे तिला कळतंय, काय ते कळत नाही, आणि मुलीच्या प्रत्येक दुखण्यावर तिच्या पिढीला एकच औषध शिकवलेलं आहे, लग्न. तिला दुसरं काही काम दे. उद्या तूच फोन कर आणि स्थळाचा विषय निघायच्या आत विचार: तुझी पाळी कशी होती? तुला किंवा मावशीला गर्भाशयात गाठी होत्या का? घरात कुणाला थायरॉइड आहे? बाबांना साखर कितव्या वर्षी निघाली? डॉक्टर हे सगळं तुला विचारणारच आहेत आणि उत्तरं तिच्याकडेच आहेत. ती थोडी दचकेल, मग बोलत सुटेल. हळिवाचे लाडू पाठव म्हणालीस तर दुसऱ्या दिवशी एसटीने डबा येईल.

आणि फोन ठेवायच्या आधी तिलाही विचार, तिचं स्वतःचं रक्त शेवटचं कधी तपासलं होतं. तिशीच्या पुढच्या सगळ्यांची रक्तदाब-मधुमेहाची तपासणी सरकारी आरोग्य केंद्रात मोफत होते. गावच्या आशाताईंना विचारलं तर कुठल्या दिवशी जायचं ते सांगतील. दोघी एकाच दिवशी जा, तू पुण्यात, ती गावात. तुझे रिपोर्ट आले की मला लिही, नुसते आकडे लिहिलेस तरी चालेल.